चादरींच्या घडीखालची वही

प्रश्न जुळे सोलापुरातल्या २९ वर्षांच्या एका विवाहितेचा आहे. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात तो देते.

"मी पतसंस्थेत नोकरी करते. लग्नाला पाच वर्षं झाली, तीन वर्षांचा मुलगा आहे. पगार झाला की सासूबाईंच्या हातात देते. बार्शीला माझे बाबा आजारी असतात. आईला दरमहा थोडे पैसे पाठवावेत असं वाटतं, पण घरात तो विषय काढता येत नाही. सगळ्यांसमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, खोलीत 'तू' म्हणते, पण बोलणं दोन्हीकडे होत नाही. रात्री तो मोबाइलवर असतो. दोन वर्षांपासून मी डायरी लिहिते. सगळं त्यात आहे. त्यानं ती चोरून वाचावी आणि मला याचा पत्ताच नाही असं त्याला वाटावं, अशी माझी इच्छा आहे. चार दिवसांपूर्वी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चादरींच्या घडीखाली, कोपरा दिसेल अशी ठेवली. त्याच कप्प्यात तो गाडीचे कागद ठेवतो. त्याच्यादेखत नणंदेला म्हटलंही, 'त्या वहीला हात लावू नको गं.' पानांत एक केस ठेवलाय, तो अजून तसाच आहे. त्यानं नक्की वाचावी म्हणून आणखी काय करू? आणि वाचली हे ओळखू कसं?"

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. त्यानं वाचावी म्हणून आणखी काहीही करायची गरज नाही. "हात लावू नको" एवढं पुरेसं असतं. मनाई केली की त्याच गोष्टीकडे मन धावतं, यावर जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली सिद्धांत मांडला. पण फडताळातल्या लाडवांच्या डब्यानं आपल्याकडच्या प्रत्येक आईला हे आधीच शिकवलेलं आहे. वही वाचली जाणं अवघड नाही. मला काळजी आहे ती वाचून झाल्यावरच्या दिवसांची, कारण समुपदेशक म्हणून गेल्या बावीस वर्षांत मी ते दिवस खूप घरांत पाहिलेत.

अशी मुद्दाम 'विसरलेली' वही माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीजणांच्या गोष्टीत निघते हे सांगितलं तर तुम्हाला एकटं वाटणार नाही. सुनांच्या वह्या असतात, नवऱ्यांच्या असतात, दहावीतल्या मुलींच्या तर असतातच. एकदा सत्तरीच्या एका आजोबांनी हिशेबाच्या वहीत, दुधाच्या आणि पेपरच्या बिलाखाली, मुलाला सांगायच्या गोष्टी लिहून ती वही मुद्दाम त्याच्या खुर्चीवर ठेवली होती. मुलानं उचलून नीट कपाटात ठेवून दिली. आजोबा त्यानंतर आठ महिने रुसले होते आणि कशासाठी रुसलेत ते घरात कुणालाच कळेना.

तुम्हाला असं करावंसं वाटलं यात मला मूर्खपणा दिसत नाही, लबाडीही दिसत नाही. दोन खोल्यांचं घर, मधल्या दाराला कडी नाही, स्वयंपाकघरात सासूबाई, बाहेर टीव्हीसमोर सासरे. सुनेनं दोन वाक्यं सरळ बोलली तरी ते उलट बोलणं ठरतं. रडली तर नाटक, गप्प बसली तर फुगली. अशा घरात आपलं म्हणणं आपल्या तोंडातून न जाता दुसऱ्या कुठल्या वाटेनं पोहोचावं असं वाटणं अगदी साहजिक आहे.

दुसरंही एक कारण आहे आणि ते खरंच भक्कम आहे. तोंडावर सांगितलेल्यापेक्षा चोरून कळलेलं माणसाला जास्त खरं वाटतं. १९६२ साली इलेन वॉल्स्टर आणि लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं. बोलणाऱ्याला आपण ऐकतोय हे ठाऊक नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यावर त्या बोलण्याचा जास्त परिणाम झाला, आणि तोही विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा असेल तेव्हा. म्हणजे तुमचा अंदाज हवेतला नाही. पण त्या ऐकणाऱ्यांना नंतर बोलणाऱ्याबरोबर एका घरात राहायचं नव्हतं, एका ताटात जेवायचं नव्हतं. जे ऐकलं त्यात त्यांची स्वतःची तक्रारही नव्हती. तुमच्या नवऱ्याचं तसं नाही. शिवाय वही आपल्यासाठीच मांडून ठेवली होती हे त्याला कळलं, तर त्यातलं खरंही त्याला बनावट वाटायला लागेल.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघांचीही परवानगी आहे, काही तपशील बदललेत. तो यंत्रमागावर कामाला होता, पाळ्या बदलायच्या. ती घरी शेंगाचटणी करून दुकानांना द्यायची. घरभर शेंगदाणे, भाजल्याचा वास, उखळात कुटल्याचा आवाज आणि कोपऱ्याकोपऱ्यात दाण्यांची लाल सालं. तिची तक्रार साधी होती. चटणीच्या धंद्याचे पैसे दीर नेतो, हिशेब देत नाही, आणि नवरा त्याला काही बोलत नाही. तोंडानं सांगायची सोय नव्हती, कारण दीर मोठा. मग तिनं वहीत लिहिलं, वही पिठाच्या डब्यामागे नवऱ्याच्या हाताला लागेल अशी ठेवली आणि ज्या पानावर दिराचं लिहिलं होतं तिथे दाण्याचं एक लाल साल ठेवलं. तुमचा केस, तिचं साल.

रोज दुपारी ती बघायची. साल जागच्या जागी. दोन महिने, तीन महिने. तिनं मनात पक्कं केलं की यानं वही उघडलीसुद्धा नाही, याला आपली किंमतच नाही. मग तिचं बोलणं कमी झालं. ताट वाढून ती बाजूला होऊ लागली. पाचव्या महिन्यात ती माहेरी गेली आणि यायला तयार होईना, तेव्हा तिच्या मामानं दोघांना माझ्याकडे आणलं.

त्या दिवशी माझ्या टेबलासमोर ती म्हणाली, "मी मुद्दाम ठेवली होती. यांनी हातसुद्धा लावला नाही." तो खाली बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "वाचलो की मॅडम. दुसऱ्याच दिवशी वाचलो. चार वेळा वाचलो."

"मग ते साल?"

"ती खूण हाय म्हणून समजलो. जपून काढून ठेवायचो, वाचून झालं की परत तिथंच ठेवायचो. एकदा पडलं, तर घरातनं दुसरं हुडकून ठेवलो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. ज्या घरात शेकडो सालं पायाखाली येत होती, तिथे त्या माणसानं एक साल हरवलं म्हणून त्याच रंगाचं, त्याच मापाचं दुसरं शोधलं होतं. त्याला तिची किती पर्वा होती याचा यापेक्षा मोठा पुरावा मी तरी पाहिलेला नाही. आणि नेमका हाच पुरावा तिला पाच महिने उलटा दिसत होता.

तो बोलला का नाही? मी विचारलं. "काय म्हणून बोलू? तुझी वही चोरून वाचलो म्हणू?" भावाला त्यानं दोनदा विचारलंही होतं, पण अर्धवट. कारण भावानं "तुला हे कुणी सांगितलं?" असं विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

ताई, तुमच्या बेतातली खरी अडचण इथे आहे. चोरून वाचणाऱ्याला कळतं सगळं, पण उत्तर द्यायचा अधिकार त्याला राहत नाही. "तुझ्या बाबांचं मला कळलं" असं तो म्हणू शकत नाही. "पैसे पाठव, आईचं मी बघतो" असंही म्हणू शकत नाही, कारण हे तुला कळलं कुठून हा प्रश्न पाठोपाठ येणार. तुम्ही लिहिलंय त्यात त्याला काही चुकीचं वाटलं, तर ते खोडून काढायची सोय नाही. वाईट वाटलं, तर ते दाखवायची सोय नाही. मग माणूस काय करतो? काहीजण एकदम मऊ होतात, विनाकारण गजरा आणतात. काहीजण तुसडे होतात. बहुतेकजण काहीच करत नाहीत, कारण जे करतील त्यानं चोरी उघडी पडेल अशी धास्ती असते. तिकडे तुम्ही रोज केस तपासत बसणार. गजरा आला तर वाचलं म्हणून आला की सहज आला, हे तुम्हाला ठरवता येणार नाही. आला नाही तर सगळं वाचूनही याला काही वाटलं नाही, असं समजून तुम्ही अजून एक पान लिहाल. आज तुमचा त्रास आहे तो बोलणं होत नाही याचा. बेत यशस्वी झाला तर त्या न बोलण्यात आणखी एका गोष्टीची भर पडेल आणि या वेळी ती दोघांकडूनही लपवली जाईल.

आता वहीबद्दल. आपल्या मनात जे पान असतं तेच समोरचा वाचेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दुसऱ्याची वही उघडणारा माणूस पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधतो, मग आईचं, मग पैशाचं. दहावीतल्या एका मुलीनं अभ्यासाच्या टेबलावर वही उघडी ठेवली होती. तिला सायन्सला जायचं नव्हतं आणि हे आईला कळावं एवढंच तिला हवं होतं. आईनं वाचलं ते दोन पानं मागचं, शिकवणीतल्या एका मुलाबद्दलचं. सायन्सवर कुणी चकार शब्द काढला नाही, शिकवणी मात्र बंद झाली आणि मावशीला फोनवर सगळं कळलं. त्या मुलीनं पुन्हा कधी एक ओळ लिहिली नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ती छान लिहायची.

आणि डायरीत आपण लिहितो कोणत्या दिवशी? जो दिवस बरा गेला, नवऱ्यानं मुलाला अंघोळ घातली, सासूबाईंनी तुमच्यासाठी गरम भाकरी ठेवली, त्या दिवशी वही उघडावीशी वाटतच नाही. वही उघडते ती डोकं तापल्यावर. लिहिण्यानं मन हलकं होतं यावर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी सॅण्ड्रा बील यांच्याबरोबर १९८६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्हा समुपदेशकांना तोंडपाठ असतो. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं असं दोन्ही लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. हे सगळे सांगतात. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लिहून उठल्या उठल्या त्या मुलांना आधीपेक्षा जास्त उदास वाटत होतं, रक्तदाबही वाढलेला होता. फायदा नंतर, सावकाश आला. तुमच्या वहीतलं प्रत्येक पान त्या 'उठल्या उठल्या'च्या क्षणाचं आहे. तुम्ही तिथून पुढे गेलात, सकाळी चहा केलात, हसलातही. वाचणाऱ्याला मात्र दोन वर्षांतले सगळे तापलेले क्षण एकाखाली एक, एका बैठकीत वाचायला मिळतील. त्याला वाटेल, ही माझ्याबरोबर दोन वर्षं एक दिवसही सुखात नव्हती. हे खरं आहे का? तुमच्या पत्रावरून मला तरी तसं वाटलं नाही.

रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय यांच्या घरातली हकीकत इथे आठवते. १८६२ साली, लग्नाआधी, त्यांनी आपल्या जुन्या डायऱ्या होणाऱ्या बायकोला, अठरा वर्षांच्या सोफियाला, वाचायला दिल्या. लपवाछपवी नव्हती, आपल्याबद्दल सगळं तिला कळावं एवढाच हेतू होता. पण त्या डायऱ्यांमधल्या तरुणपणीच्या गोष्टींनी तिला जो धक्का बसला तो ती आयुष्यभर विसरली नाही. पुढे जवळपास अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात दोघंही डायऱ्या लिहीत राहिले, एकमेकांच्या वाचत राहिले. १९१० साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, टॉलस्टॉय यांनी फक्त स्वतःसाठी म्हणून एक वेगळी डायरी सुरू केली आणि ती बुटात लपवून ठेवू लागले. सोफियानं तीही शोधून काढली. त्याच वर्षी ते घर सोडून गेले आणि वाटेत एका रेल्वे स्टेशनवर वारले. यामागे कारणं पुष्कळ होती, सगळं डायरीवर ढकलता येणार नाही. पण जे घर एकमेकांशी वहीतून बोलायला लागतं, तिथे मनातलं मोकळं लिहायला कुणालाच जागा उरत नाही. बुटातसुद्धा नाही.

तुमच्या बाबतीत हे आत्ताच सुरू झालं असेल. गेल्या चार दिवसांत वहीत काही लिहिलंत का? लिहिलं असेल तर ते पान काढून वाचा. मला जवळजवळ खात्री आहे की त्यातली वाक्यं वेगळी असतील. थोडी नटलेली, थोडी दुःखी, त्याला उद्देशून. दोन वर्षं ज्या एका जागी तुम्हाला कुणासाठी काही सजवावं लागत नव्हतं, ती जागा हातची जायला लागली आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. घरात वाद वाढला, प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, तर हस्ताक्षरातली वही हा पुराव्याचा कागद ठरतो. लाल पेनानं खुणा केलेल्या अशा पानांच्या झेरॉक्स मी फायलींमध्ये पाहिल्या आहेत. रागात लिहिलेलं एक वाक्य मागचं-पुढचं सोडून तिथे एकटं उभं असतं. तुमचं तसं होईल असं नाही, पण वही बाहेर मांडण्याआधी हे ठाऊक असावं.

मग करायचं काय? करायला खूप काही आहे, आणि त्यातलं निम्मं तुम्ही आधीच केलेलं आहे, कारण लिहिता तुम्हाला येतं. माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी बायकांना आपल्याला नेमका कशाचा त्रास होतो हे सांगायलाच तीन-चार भेटी लागतात.

सगळ्यात आधी ही शक्यता मनात धरा की त्याला खरंच माहीत नाही. तुम्ही लिहिलंय, "माझा चेहरा बघून त्याला कळायला नको का?" नाही कळत हो. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना पेले चाखायला दिले. काही पेल्यांत बरं पेय होतं, काहींत घाण चवीचं. चेहरा कोरा ठेवायचा आणि बघणाऱ्यांनी ओळखायचं. चाखणाऱ्यांना वाटलं की आपली तोंडं वाकडी झालेली पुष्कळांना दिसली असणार. प्रत्यक्षात त्यांना वाटलं त्यापेक्षा कमी जणांना ओळखता आलं. आतून आपल्याला इतकं जाणवत असतं की ते बाहेर दिसत नाही यावर विश्वासच बसत नाही. आणि सुना तर चेहरा कोरा ठेवण्यात वर्षानुवर्षं तयार झालेल्या असतात.

डायरी देऊ नका. पत्र द्या. एक पान, एकच विषय. तुमच्या वहीत निदान पाच विषय असतील, पगार, मोबाइल, सासूबाई, नणंद, बाबा. या पत्रात फक्त बाबा आणि बार्शीचे पैसे. मोबाइलचं पुढच्या महिन्यात. दोन्ही एकत्र आलं की तो मोबाइलवरच वाद घालील, कारण ते सोपं आहे, आणि बाबा बाजूला राहतील.

पत्र दोनदा लिहायचं. पहिल्यांदा पंधरा मिनिटं, मनात येईल ते, शिव्या आल्या तर शिव्या. ते फाडून टाका. दुसऱ्या दिवशी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, दुसरं लिहा. फरक कसा पडतो ते दाखवते. वहीतलं एक वाक्य तुम्ही मला पाठवलंय: "याला माझं काही पडलेलंच नाही, मी मेले तरी हा मोबाइलमधून डोकं वर काढणार नाही." हे वाचून कुठलाही माणूस आधी स्वतःचा बचाव करील. पत्रात तीच गोष्ट अशी येऊ शकते: "मंगळवारी बाबांची सोनोग्राफी होती. रात्री तुला सांगायला मी दोनदा आले. तू मोबाइलवर होतास, मी परत फिरले. रात्रभर झोप लागली नाही. रिपोर्टचे पैसे आईनं शेजारच्या काकूंकडून उसने घेतलेत." यात एकही विशेषण नाही. वार आहे, काय घडलं ते आहे, तुम्हाला काय झालं ते आहे. याच्याशी भांडता येत नाही. वाचताना त्याला ती रात्र आठवेल.

त्या "मी मेले तरी"बद्दल इथेच बोलून टाकते. आपल्याकडे हे बोलीतलं वाक्य आहे, तुम्हीही तसंच लिहिलं असावं. पण ते खरंच मनात येत असेल, तुमच्या किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या, तर ते वहीत लिहून कुणी वाचण्याची वाट बघत बसू नका. आजच कुणाला तरी तोंडानं सांगा. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि घरात मारहाण होत असेल तर वही, पत्र, समजूत हे सगळं नंतर. आधी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर.

पत्राकडे परत येऊ. मागणी आकड्यात लिहा. "आईला थोडी मदत करावीशी वाटते" यावर "बघू" एवढंच उत्तर येतं. दोन हजार की तीन हजार, कोणत्या तारखेला, आणि त्यासाठी घरातलं काय कमी करता येईल, हे तुम्ही पगाराचा कागद घेऊन आधी ठरवा. सासूबाईंबद्दल एक शब्द नको. आईवर आलं की नवरा नवरा राहत नाही, मुलगा होतो. "माझ्या पगारातले एवढे मी स्वतः पाठवीन, बाकीचे नेहमीसारखे आईंच्या हातात देईन" हे वाक्य पुरे.

इथे तुमचा अधिकार तुम्हाला नीट माहीत असावा. पत्रात तो लिहू नका, पण मनात पक्का असू द्या. आईवडिलांच्या सांभाळासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही. त्याच्याही आधी, १९८७ साली, सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येऊ शकते असं म्हटलं होतं. म्हणजे बार्शीला पैसे पाठवणं ही तुमची हौस नाही, आणि सासरनं करायचे उपकारही नाहीत. हे एकदा मनात बसलं की लिहिताना अजिजी येत नाही, आणि अजिजी आली नाही की रागही येत नाही.

द्यायचं कसं? हातात. उशीखाली नको, डब्यात नको, गाडीच्या कागदांत नको. रात्री नको, कारण मग झोपायला तोंड फिरवण्यापलीकडे जागा नसते. सुटीच्या दिवशी सकाळी, तो एकटा असताना, आणि देताना म्हणा, "हे तुझ्यासाठी लिहिलंय. आज काही बोलू नकोस. रविवारपर्यंत सांग." मुदत द्याच. मुदत नसली की तुम्ही पुन्हा केस तपासत बसाल. पत्रात 'तू' ठेवा, खोलीतलं. 'अहो' आलं की सगळं घर त्या कागदावर येऊन बसतं.

उत्तरासाठी त्याला जागाही हवी. घरात ती नाही. माझ्याकडच्या जोडप्यांना मी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जायला सांगते. देवाला जातो म्हटलं की सोलापुरात कुठलीच सासू अडवत नाही, मुलालाही तास-दीड तास आजीकडे ठेवता येतं. गड्ड्याची यात्रा नसेल तेव्हा संध्याकाळी काठावर निवांत बसता येतं. शेजारी शेजारी बसा, समोरासमोर नको. दोघांनी पाण्याकडे बघत बोललं की अवघड गोष्टी सोप्या निघतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता ते औषधासारखं लिहून देते. त्याला बोलायला जमत नसेल तर त्यानंही लिहू दे. कमी बोलणाऱ्या नवऱ्यांपैकी बरेचजण कागदावर मोकळे होतात. शेंगाचटणीवाल्या त्या घरात पुढे दोघांची मिळून एक वही झाली. नियम एकच होता, जे लिहायचं ते दुसऱ्यानं वाचावं म्हणूनच लिहायचं आणि वाचलं की खाली सही करायची. त्याच्या सह्या मी पाहिल्या आहेत. पगारपत्रकावर करतात तशा, पूर्ण नावाच्या. दिराकडचा हिशेब सुटायला वर्ष लागलं, पण ती त्यानंतर माहेरी निघून गेली नाही.

तुमची स्वतःची डायरी वेगळी ठेवा आणि खरंच कुलपात ठेवा. तुमच्या ऑफिसातल्या ड्रॉवरला किल्ली असेल.

राहिला केस. तुम्ही विचारलंत, त्यानं वाचली हे ओळखायचं कसं. त्या लाल सालाची गोष्ट सांगितली ती यासाठीच. केस जागेवर आहे यावरून काहीच कळत नाही. कदाचित पहिल्याच रात्री तुम्ही झोपल्यावर त्यानं वही वाचली असेल, आणि गेले चार दिवस तो तुमच्याशी काय बोलावं याच विचारात असेल. म्हणून पत्राची पहिली ओळ मी सुचवते, बाकी पत्र तुमचं. "कपाटातली वही मीच तुझ्या हाताला लागेल अशी ठेवली होती. तू वाचली असशील तर मी रागावणार नाही, आणि नसशील तर आता वाचू नकोस, त्यातलं जे तुझ्यासाठी आहे ते इथे लिहिलंय." हे लिहिताना हात अडखळेल. लिहा तरी. त्यानं वाचली असेल तर बोलायची वाट त्याला या एका ओळीनं मोकळी होईल.

आणि वही आज संध्याकाळी, तो कामावरून यायच्या आत, चादरींखालून काढून घ्या.